दोन कानांचा कप

धाकटीने मातीकामाचा वर्ग लावला तो काही हौसेने नाही. हौस करायला अंगात त्राण लागतं, आणि तिचं सगळं त्राण आठवडाभर लॉन्ड्रीतल्या इस्त्रीखाली जायचं. केस पिकायला लागले तरी घरात ती धाकटीच राहिली होती. लग्न जमलं नाही, दादा बायकोला घेऊन पलीकडच्या गल्लीत राहायला गेला, आणि बाबा हिच्या वाट्याला आले. तसे बाबा तक्रार करणारे नव्हेत. पण दोन्ही हातांना कंप सुटला होता, आणि पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धं पाणी छातीवर. मग हिने चमच्याने पाजायचं आणि त्यांनी चार चमचे झाले की तोंड फिरवायचं. दुकानातून झाकणाचा प्लास्टिकचा कप आणला, तर "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणून त्यांनी तो ढकलून दिला. डॉक्टर म्हणायचे, पाणी पोटात गेलंच पाहिजे. सांगायला काय जातंय डॉक्टरांचं.

एक दिवस इस्त्री करता करता ती उभ्याउभ्या पेंगली आणि कुणाचा तरी चांगला शर्ट जाळून बसली. त्या संध्याकाळी ती वहिनीकडे गेली.

"वहिनी, रविवारी सकाळी दोन तास बाबांपाशी बसशील का? त्या जुन्या व्यायामशाळेच्या तळघरात मातीकाम शिकवतात. मी बाबांसाठी कप करते. जड बुडाचा, दोन कानांचा. म्हणजे आपल्या हाताने पितील."

नुसतं 'मला दोन तास सोडा' म्हणायची तिची छाती झाली नसती, म्हणून कप मध्ये घातला. दादाने मान डोलावली. जन्मात त्याने दुसरं काही केलं नाही.

"बसते," वहिनी म्हणाली. "पण कप होईपर्यंत हं. आठवडाभर मीही राबतेच, मलाही एकच रविवार मिळतो." आणि यात तिचं काही चुकत होतं असंही नाही.

तळघरात ओल्या मातीचा वास होता आणि विजेच्या चाकांची घरघर. तिथे कुणी हाक मारत नव्हतं. औषध दे, खिडकी लाव, उशी सरकव, काही नाही. सुरुवातीला चाकावरची माती तिच्या हातातून अशी पळायची की समोरची भिंत बरबटली. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "दाबू नका, नुसता हात ठेवा." नुसता हात ठेवायचा, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. हळूहळू जमलं. घरी परतताना पाय तेवढेच दुखायचे, पण जिना चढताना ती मध्ये थांबत नसे.

तिथली एक पद्धत होती. केलेली वस्तू फळीवर सुकत ठेवायची. जी पसंत असेल तिच्या बुडाला ओली असतानाच आपली खूण कोरायची. खूण असली की बाई ती झिलई देऊन भट्टीत भाजणार. बिनखुणेची वस्तू बादलीतल्या पाण्यात जायची, विरघळून परत माती व्हायची आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी चाकावर यायची.

मग एका रविवारी तिचा कप साधला. बूड जड, कान रुंद, बाबांची चारही बोटं आरामात जातील असे. भाजल्यावर माती आक्रसते म्हणून तिने कान मुद्दाम मोठे ठेवले होते. ती त्याच्याकडे बघत बसली. कप झाला म्हणजे रविवार गेला. तिने खूण केली नाही. कप तसाच फळीवर ठेवून हात धुतले.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. "जमला का गं?" वहिनी विचारायची. "कान तुटला," ही म्हणायची. रात्री बाबांच्या कोरड्या ओठांशी चमचा नेताना तिला आपली शरम वाटायची. बापाचं पाणी अडवून आपण आपला रविवार काढतोय, हे तिला चांगलं कळत होतं. पण कळून काय करता? थकलेल्या माणसाला शरमही फार वेळ पेलवत नाही. चमचा धुऊन ती झोपून जायची.

तिच्या शेजारच्या चाकावर एक निवृत्त बस कंडक्टर बसायचे. माणूस भोळ्या स्वभावाचा, आणि हात असे की वाटी करायला घेतली तर थाळीच व्हायची. त्यांना या बाईची भारी कणव. एवढे सुरेख कप करते आणि खूण करायला विसरते बिचारी. एका रविवारी ती लवकर निघून गेल्यावर त्यांनी आगपेटीतली काडी घेतली आणि तिच्या कपाच्या बुडाला एक टिंब टोचलं.

पुढे एका रविवारी ती आली तर कप टेबलावर. भाजलेला, वर निळी चकचकीत झिलई.

"दर वेळी विसरता तुम्ही," कंडक्टर खूश होऊन म्हणाले. "म्हटलं, आपणच खूण करून टाकावी. आभार नका मानू."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिला त्यांच्या डोक्यात मातीचा गोळा घालावासा वाटत होता. त्या दिवशी तिने चाक लावलंच नाही. भाजलेली माती कुठल्याच बादलीत विरघळत नाही. जिन्यावर हातातून सटकला म्हटलं असतं तर कोण बघायला आलं होतं? जिन्यापाशी ती थांबलीही. पण डोळ्यांसमोर ते कोरडे ओठ आले. कप रुमालात गुंडाळून ती घरी गेली.

वहिनी खांद्याला पर्स लावून दारातच उभी होती. "बघू. अगं बाई, झाला की! चला, सुटलो आपण दोघी."

धाकटीने कपात पाणी ओतलं आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी दोन्ही कानांत बोटं घातली, कोपरं मांडीवरच्या उशीवर टेकवली. पाणी हिंदकळलं, पण सांडलं नाही. ते तळापर्यंत पाणी प्यायले, आणखी मागून तेही प्यायले. छातीवर थेंब नाही. धाकटीचे डोळे भरले. आनंद तर झालाच होता, आणि आतून सगळं गळून गेल्यासारखंही झालं होतं.

"पुढच्या रविवारी मी माहेरी जाऊन येते," वहिनी म्हणाली.

"बरं," धाकटी म्हणाली. एवढंच, पण बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी रिकामा कप दोन्ही हातांनी पलंगाच्या कडेबाहेर धरला. इतके स्थिर हात घरात कुणी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. आणि त्यांनी बोटं उघडली.

फरशीवर तुकडे झाले. वहिनी पटकन मागे सरकली.

"हात कापतात माझे," बाबा वहिनीला म्हणाले. "हिला दुसरा करावा लागणार. तोही फुटेल बहुतेक. तुला यावं लागेल, बाई."

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. "दर रविवारी नाही जमायचं मला," ती शेवटी म्हणाली. "एकाआड एक येईन. मधले ह्यांना पाठवते, नुसती मान डोलवायला काय, इथे बसूनही डोलवतील." आणि ती केरसुणी आणायला आत गेली.

धाकटी तुकडे गोळा करायला वाकली. बाबांनी तिचं मनगट धरलं. आता हात नेहमीसारखा थरथरत होता.

"सावकाश कर कप," ते म्हणाले. "तोवर चमच्यानेच पाज. मी तोंड फिरवणार नाही."