गौरीच्या दिवशीचा घाम

"तवा सोडू नको गो, अंबिके. गौर उपाशी हाय," तिच्या सासूबाई, बकुळाबाई, खाटेवरून म्हणाल्या.

अंबिकाने पदराने कपाळ पुसलं. लगेच पुन्हा घाम फुटला. बाहेरच्या खोलीत तेरड्याची गौर मुखवटा लावून, कोरी साडी नेसून उभी होती. साडी अंबिकानेच आणली होती, हिंदमाताच्या दुकानातून. तिथे गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडण्यात तिची उमर गेली.

पाळी गेली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. सणासुदीला बाजूला बसणं सुटलं. पण मग अंगातून वाफा निघू लागल्या. घाम साड्यांवर ठिबकायला लागला, तसं शेठने तिला मागे घड्या घालायला बसवलं. लेकीने, प्राचीने, तिला परळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. झोप परतली, काउंटर परत मिळालं. आणि दर महिन्याला थोडं रक्तही जाऊ लागलं.

"या गोळ्यांनी तसं होतं, घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ही गोळी वाफांसाठी आहे, हृदयासाठी नव्हे. या वयात रक्तवाहिन्यांना आतून गंज चढतो असं समजा. बीपीही वाढलंय. कार्डिओग्राम काढून घ्या."

"गणपती झाले की काढते."

वाळत घातलेल्या कपड्यांवरून सासूला कळलंच.

"नातवंडं खेळवायच्या वयात विटाळ विकत घेतलान हिने! गौरीचं कोण करणार? मी, या गुडघ्यांनी?"

नवऱ्याने, दौलतने, पेपरातून मान वर केली नाही. "सणापुरत्या बंद कर ना गोळ्या. मरतेस काय?"

अंबिकाने गोळ्या बंद केल्या. प्राचीला सांगितलं नाही. वाफा परतल्या, तिने त्याही सोसल्या.

"आई, तू पांढरीफटक पडलीयस." प्राची उंबऱ्याबाहेरून बोलत होती. तिचीच पाळी आली होती, आणि आईला बोलणी बसू नयेत म्हणून ती बाजूला बसली होती. "गोळी घेतलीस ना?"

"बंद केली. म्हणून तर हा घाम. ठाऊकाय मला."

"आणि हात का दाबतेयस?"

"पीठ ढवळून भरलाय."

"गॅस बंद कर. टॅक्सी बोलावते."

"नैवेद्य होऊ दे गं. नाहीतर पुन्हा वर्षभर ऐकायचं."

तिने तव्यावर एक घावण घातलं. त्याला जाळी पडायच्या आत ती ओट्याला धरून खाली बसली, मग कलंडली.

प्राचीने उंबरा ओलांडला.

"शिवू नको गो तिला!" बकुळाबाई ओरडल्या. "नैवेद्य बाटेल!"

हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर होतं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने नुसती मान हलवली.

आता घराला सुतक लागलं. गौरीला हात लावायला घरातलं कुणीच चालेना. शेजारच्या लतिकाने येऊन तिला विसर्जनासाठी उचललं. बकुळाबाई गॅलरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"लतिका, घावणं तरी दाखव गो तिला. उपाशी जाईल."

"सुतकाच्या घरातलं चालत नाय, काकी."

तेरडा छातीशी धरून लतिका जिना उतरली. आत ओट्यावर, फडक्याखाली, घावणांची चळत अजून कोमट होती.