चहाआधीची गोळी

मी दैवशालाच्या गळ्यातली ग्रंथी बोलतेय. काळ्या पोतीच्या जरा वर, श्वासनळीला बिलगून बसलेय. शाळेच्या पुस्तकात माझं नाव अवटू, दवाखान्यात थायरॉईड. हाक कोणतीही मारा, माझ्यावाचून या अंगात कुणाचं पान हलत नाही!

मिठातून आलेलं आयोडीन मी रक्तातून उचलते आणि माझा रस, म्हणजे हार्मोन, बनवते. तो धाडायला मला वेगळी नळी लागत नाही. रक्तात सोडला की डोक्यापासून नखापर्यंत बराबर पोचतो. अंगात ऊब किती, कामाचा वेग किती, ते मी ठरवते. वडीगोद्रीच्या हायवेवर ट्रक अंगावर आला की छाती धडधडते ना, ते काम मात्र मूत्रपिंडांवर बसलेल्या माझ्या बहिणींचं. त्या घाईच्या, मी दमाची.

माझ्यावरही एक साहेबीण आहे. मेंदूखाली वाटाण्याएवढी पियूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी, बसते. रक्तात माझा माल कमी दिसला की तिचा निरोप येतो, ‘वाढव!’ पुरेसा झाला की गप्प बसते.

दैवशाला लग्न होऊन या घरी आली आणि काही वर्षांत भलतंच घडलं. अंगातल्या राखणदार पेशी मलाच परकी समजून झोडपायला लागल्या. माझं काम मंदावलं. भर उन्हाळ्यात दैवशाला गोधडी ओढू लागली, केस गळू लागले, मोसंबीच्या बागेत बसल्या जागी पेंगू लागली.

“काय बाई ही सून! बसंल तिथं डोळा लागून राह्यला हिचा,” सासू गोजरबाई म्हणायची. मला असा राग यायचा! आळशी नव्हती हो ती, मी थकले होते.

जालन्याच्या डॉक्टर यशश्रींनी रक्त तपासून गोळी दिली. मी बनवते तेच, पण बाहेरून. “सकाळी उपाशीपोटी घ्यायची,” त्यांनी बजावलं.

पुढे दैवशालाला दिवस राहिले आणि माझी काळजी दुप्पट झाली. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी सुरुवातीला तयार नसते. त्याचा मेंदू घडायला लागणारा रस आईच्याच रक्तातून जातो. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी रिपोर्ट बिघडलेलाच! पियूषिका वरून ओरडून दमली.

“गोळी चुकवता का?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई मॅडम, रोज घेते.”

“उपाशीपोटी?”

“बिलकुल उपाशी!” गोजरबाई मध्येच म्हणाली. “मीच देते ना. गॅसवरून उतरलेला चहा आन् गोळी, संगंच.”

“आजी, चहा घेतल्यावर पोट उपाशी कुठं राहिलं?”

“आता! चहा म्हंजी काय खाणं हाय का? एकादशीला बी चालतो की!”

घ्या! तो दुधाचा दाट, मायेचा चहा गोळीला रक्तात नीट उतरूच देत नव्हता. मला सगळं कळत होतं, पण सांगायला तोंड कुठं होतं?

डॉक्टरांनी समजावलं, गोळी नुसत्या पाण्यासोबत, चहा तासाभरानं. बाळासाठी ते का गरजेचं, तेही सांगितलं. गोजरबाईचा चेहरा उतरला. “मंग म्याच माझ्या नातवंडाचं वाईट करून राह्यले व्हय?”

“अजून वेळ आहे, आजी. आता नीट सांभाळा.”

चहाशिवाय जिचा डोळा उघडत नाही, त्या गोजरबाईनं दुसऱ्या दिवसापासून आधी गोळी आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. गॅस पेटवलाच नाही.

“आत्याबाई, तुमी तरी घ्या की,” दैवशाला म्हणाली.

“न्हाई. तू पेशील तवाच म्या पेईन.”

रोज सकाळी दोघी ओट्यावर चहाची वाट बघत गप्पा मारायच्या. डोकं जड झालं तरी म्हातारी हलायची नाही. हळूहळू रिपोर्ट सुधारला, पियूषिका शांत झाली. मी अजून थकलेलीच आहे, पण गोळी माझा भार उचलते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

तुम्हाला एकच सांगणं आहे. घरातली कुणी सारखी पेंगत असेल, तर तिला बोल लावण्याआधी तिचं रक्त तपासा.

दैवशालाला मुलगी झाली. बाळाच्या ग्रंथीत उणं असेल तर वेळीच कळावं, म्हणून डॉक्टरांनी टाचेतून रक्त घेतलं होतं; अशा बाळाचं रडणंही कधी कधी घोगरं, मंद येतं. आज रिपोर्ट आला. सगळं ठीक! तेवढ्यात पोरीनं असा टाहो फोडला की गोजरबाईच्या हातातला चहा हिंदकळला.

“अगं बया, केवढा गळा हाय हिचा!”

असणारच, आजी. त्या चिमुकल्या गळ्यात माझ्यासारखीच एक बसलीय, आणि ती कामाला लागलीय.