जाळीवरचा फ्लेक्स

कोडोलीच्या दूध संस्थेचा जनरेटर त्या दुपारी पुन्हा बंद पडला, आणि सचिव स्वप्नालीच्या कपाळावरची आठी अधिकच खोल गेली. वीज सकाळपासून गेलेली होती. कूलरमध्ये अख्ख्या गावाचे दूध साठले होते, आणि ते गार राहिले नाही तर संध्याकाळचा टँकर त्यातला एक थेंबही उचलणार नव्हता. इंजिन तापत होते. तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला की सुरक्षेचा स्विच ते आपोआप बंद करी.

जनरेटर सांभाळणारा खिजर घाम पुसत म्हणाला, "मॅडम, रेडिएटरचं पाणी भरल्यालं हाय, पट्टा ताठ हाय, धूळ कालच काढलीया. आता ह्येच्याफुडं काय बघायचं?"

"टोपण गरम असताना उघडलं नाहीस ना?"

"हात भाजून घ्यायची हौस न्हाय मला."

इतक्यात चेअरमन पिराजी आले. कडक इस्त्रीचा सदरा, आणि त्याहून कडक आवाज. "स्विचची वायर काढून टाक की खिजर. टँकर जाऊस्तोवर चालूंदे, मग खुशाल गार हुईल."

"वायर काढली तर इंजिन जाम होईल, चेअरमन," स्वप्नाली म्हणाली. "मग दूधही जाईल आणि जनरेटरही."

"तुम्ही हितं नोकरीला हायसा का मालक हायसा?"

"नोकरीला आहे. म्हणूनच वायरीला हात लावू देणार नाही."

इंजिन थोडे निवल्यावर तिने ते सुरू करवले आणि खोलीत उभी राहिली. रेडिएटरचा पंखा गरम हवा समोरच्या भिंतीतल्या लोखंडी जाळीतून बाहेर फेकतो, हे तिला ठाऊक होते. पण हवा बाहेर न जाता उलट तिच्याच तोंडावर येत होती. इंजिन स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा ओढत होते. तिने ते बंद करायला सांगितले आणि भिंतीला वळसा घालून रस्त्याकडच्या बाजूला गेली.

जाळीवर फ्लेक्स होता. हात जोडलेले पिराजी, आणि त्यांच्या खाली शुभेच्छुकांची दाटीवाटीने बसवलेली तोंडे. मुख्य रस्त्याकडे तोंड असलेली संस्थेची ती एकच भिंत, आणि सुतळी ओवायला जाळीसारखी सोय दुसरी नाही. तेव्हा पोरांनी रात्रीतून तो तिथेच ताणून बांधला होता. आत कोंडलेल्या हवेने चेअरमनांचे छापील गाल अजून किंचित फुगलेले होते.

"खिजर, विळा आण."

मागोमाग आलेले पिराजी थबकले. "फ्लेक्सला हात लावायचा न्हाय. उद्या वाढदिवस हाय माझा."

"वाढदिवस उद्या आहे. दूध आज नासेल."

खिजरने विळा आणला. पण पुढे केला नाही. "मॅडम, मला लेकरंबाळं हायत."

"तुला कापायला सांगत नाही. दे इकडं."

तिने एकेक सुतळी कापली. फ्लेक्स घसरून चेअरमनांच्या पायाशी पडला. पिराजींचा आवाज एकदम खाली आला, आणि तो अधिक भीतिदायक झाला. "उद्या बैठक लावतो. मग बघू सेक्रेटरी कोण राहतंय ते."

"लावा. पहिला विषय मीच मांडते: जाळी कुणी झाकली?"

खिजरने इंजिन सुरू केले. जाळीतून गरम झोत सुसाट बाहेर पडला, आणि काटा मधल्या खुणेवर येऊन थांबला तो थांबलाच.

थोड्या वेळाने चार पोरे नवी सुतळी घेऊन आली. स्वप्नालीने कार्यालयातली खुर्ची आणवून, झोताला वाट सोडून जाळीशेजारी मांडली होती, आणि ती तिथे बसली होती. हवेने तिचे केस विस्कटले होते, डोळे चुरचुरत होते. पोरे चेअरमनांकडे पाहू लागली.

"वाळून जाशील पोरी तितं," पिराजी म्हणाले.

"वाळेन. जाळी उघडी राहील."

टँकर आला. त्याच्या माणसाने दुधात तापमापक बुडवला, काढला, पाहिला, आणि पाइप जोडायला घेतला. दाराशी घोळका करून उभ्या बायकांपैकी तानाबाईने पदर सावरला आणि चेअरमनांकडे मुद्दाम पाहत म्हटले, "उद्याच्या बैठकीला आमी बी येतोय बरं का, चेअरमन."

पिराजी निघून गेले. फ्लेक्स तसाच पडला होता. टँकर गेला, संध्याकाळचे नवे दूध कूलरमध्ये पडू लागले. स्वप्नाली मात्र उठली नाही. वीज अजून यायची होती.