झेंडा हलला, मी हलले नाही

"श्शी! काय ही धूळ! ह्या खटाऱ्याशिवाय अडलं होतं का?" माझ्या टाकीवर वाकून राजवर्धन पुटपुटला. त्याला वाटलं, बेसमेंटमध्ये ऐकायला कोणी नाही.

मित्रांनो, तो खटारा म्हणजे मी. आज जुनी मोटारसायकल असले, तरी एके काळी दिल्ली छावणीत माझा रुबाब होता. सुभेदार मारुतरावांनी मला मिलिटरी कँटीनमधून घेतलं, आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी हळदीकुंकू लावून ओवाळलं. थोरला राजवर्धन मागे बसायचा, धाकटा धीरज पुढे टाकीवर. मारुतराव गेले आणि मी धीरजची झाले. जुन्या टूथब्रशनं तो माझे स्पोक घासायचा. "चल गं म्हातारे," म्हणायचा. तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण त्याच्या तोंडून गोड लागायचं.

मग एका हिवाळ्यात तो मला मध्येच रस्त्याकडेला थांबवू लागला. वळून म्हणायचा, "उतर ना रे बाबा." माझ्या मागच्या सीटवर कोणीही नसायचं. वजन मला कळतं, मित्रांनो. कोणी नव्हतं.

राजवर्धननं किल्ली काढून घेतली, ते ठीकच केलं. डॉक्टरही गाठला, पण लांबचा, नोएडाचा, जिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही असा. गुरुग्रामच्या ह्या सोसायटीत सांगितलं, "धीरज बंगळुरूला असतो. मोठी कंपनी आहे." मला खाली कव्हर घातलं, त्याला वर मागच्या खोलीत ठेवलं. पाहुणे आले की दार बंद. हे सगळं मला भानुमतीबाईंकडून कळलं. दुपारी त्या खाली यायच्या, माझ्या सीटवर हात ठेवून हळूच बोलायच्या. दुसऱ्या कोणाशी बोलणार?

गंज झाकून जात नाही, मित्रांनो, वाढतो. त्याला तेल लागतं, ऊन लागतं, माणसाचा हात लागतो. माझ्या अंगावर गंज चढत होता आणि मनात राग. सूड घ्यायचा, एवढंच ठरवलं होतं. यंत्रानं सूड घेऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

संधी चालत आली. राजवर्धनच्या ऑफिसनं पानिपतपर्यंत मोटारसायकल रॅली काढली, मानसिक आजारांविषयी जागृती म्हणून. सुरुवात आमच्याच गेटवरून. जुन्या गाडीचे फोटो छान येतात, म्हणून ऑफिसवाल्यांच्या हट्टाखातर मला बाहेर काढलं. मेकॅनिककडे मी शहाण्यासारखी सुरू झाले. मुद्दाम.

रविवारी सकाळी गेटवर गाड्यांची रांग लागली. राजवर्धनच्या टी-शर्टवर छापलं होतं, 'छुपाओ मत, बोलो'. माइकवर तो तेच बोलला, अगदी छातीवर हात ठेवून. टाळ्या पडल्या. भानुमतीबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. झेंडा हलला.

मी ठिणगी गिळून टाकली.

त्यानं किक मारली. पुन्हा मारली. मागून हॉर्न वाजू लागले, कोणीतरी हसलं. त्याच्या मानेवरून घाम माझ्या टाकीवर टपकला. काय सांगू, अमृतासारखा लागला!

"अरे यार, धीरज को फोन लगा!" सोसायटीचे सेक्रेटरी रिंकूजी ओरडले. "उसकी गाडी है, वही बतायेगा इसका नखरा."

राजवर्धननं फोन कानाला लावला. मी त्याच्या पोटाशीच उभी होते. स्क्रीन काळी होती; त्यानं नंबर लावलाच नव्हता.

"नहीं उठा रहा. मीटिंग में होगा."

"संडे को? बडी जालिम कंपनी है भाई!"

सगळे हसले. राजवर्धनही हसला, आणि हसता हसता त्यानं माझं हँडल घट्ट आवळलं. लहानपणी मागे बसून घाबरला की तो सीट अशीच आवळायचा. माझ्या सुडाची चव तिथेच बिघडली.

भानुमतीबाईंनी ताट माझ्या मागच्या सीटवर ठेवलं.

"राजा, तो फोन खाली ठेव," त्या म्हणाल्या.

"आई, प्लीज. इथे नको."

"मग कुठे रे? पानिपतला जाऊन?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"रिंकूजी, धीरज बैंगलोर गयाच नहीं. ऊपर है, घर में. मेरे बेटे का मन बीमार है."