सिनेटरची खोली

पुरिंगने उभा जन्म परदेशी इस्पितळात रात्रपाळ्या करून गावात जे दुमजली घर बांधलं, त्या घरातल्या सगळ्यात चांगल्या खोलीत कोंबडे राहत होते. साधेसुधे नव्हेत, झुंजीचे. खोली वरच्या मजल्यावरची, नदीकडे तोंड केलेली. खिडकीत एसी, तोही पुरिंगनेच शिकागोहून पैसे पाठवून बसवून घेतलेला. त्या गारव्यात पिंजऱ्यांची रांग, आणि आतून ते कमावलेल्या मांड्यांचे कोंबडे मान वाकडी करून माणसाकडे सावकाराने कुळाकडे बघावं तसे बघायचे.

पुरिंग स्वतः खाली बैठकीत झोपायची. सोफ्यावर. सोफ्याचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, कारण तिची धाकटी बहीण सोलिंग, जी तिला थोरली म्हणून मानांग म्हणे, सांगायची, "असू दे गं, मानांग. पाहुणेरावळे येतात, डाग पडले तर?" कुशीवर वळलं की ते प्लॅस्टिक चरचरायचं. अमेरिकेतून आलेली मोठमोठी खोकी भिंतीशी तशीच चिकटपट्टी लावून उभी होती. उघडून सामान लावायचं कुठे?

ती काही चार दिवसांची पाहुणी म्हणून आलेली नव्हती. नोकरी संपली, तिकडची भाड्याची खोली सोडली, हिवाळ्याचे कोट मैत्रिणींना वाटून टाकले आणि ती कायमची घरी आली. विमानात डोळे मिटले की तिला तीच खोली दिसायची. पहाटे ड्यूटीवरून येऊन, बर्फाने ओले झालेले बूट काढताना कितीतरी वर्षं तिने ती खोली मनात झाडली होती, पडदे बदलले होते, खाट या भिंतीची त्या भिंतीला लावली होती.

आल्या दिवशीच तिने मुलाला विचारलं, "विल्मर, माझी खोली कधी रिकामी होणार?"

विल्मर तिशी पार केलेला, पोट सुटलेला, बोटात सोन्याची अंगठी. ही अंगठी तिने त्याला जहाजावरच्या इंजिनियरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा पाठवलेली. कॉलेज वर्षभरात सुटलं. मग तो आचारी व्हायला निघाला, मग संगणक शिकायला. प्रत्येक वेळी निघाला मोठ्या थाटात, पोचला मात्र कुठेच नाही. अंगठी तेवढी राहिली.

"जत्रा होऊ द्या, मम्मी," तो म्हणाला. "जत्रेत मोठ्या झुंजी आहेत. आत्ता हलवलं तर त्यांना ताण येतो."

"कोणाला?"

"कोंबड्यांना."

पुरिंगने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून तिचे केस पांढरे झाले होते, तेव्हा ताण हा शब्द कोणी काढला नव्हता.

"मानांग, अशी बघू नको," सोलिंग मध्ये पडली. "नाजूक असतात ते. तो सिनेटर तर उकाडा झाला की दाणाच टिपत नाही."

"सिनेटर?"

"लाल तुऱ्याचा. सगळ्यांत मोठा. खातो फार आणि काम वर्षातून एकदा, म्हणून पोरांनी नाव ठेवलं."

"मग माझ्याच घरच्यांची नावं का नाही ठेवली?" पुरिंग म्हणाली.

सोलिंग खो खो हसली. तिला टोमणे लागत नसत, हे तिचं लहानपणापासूनचं सुख. ती आजवर एक दिवस नोकरीला गेली नव्हती, पण कपाळावर हात मारून "दमले बाई" म्हणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. विल्मर रांगायचा सुटून नुकता उभा राहायला लागला, तेव्हा पुरिंगचा नवरा दुसरीच्या मागे दक्षिणेकडे निघून गेला होता, आणि पुरिंगने पोराला सोलिंगच्या ओटीत घालून विमान धरलं होतं. म्हणून विल्मर सोलिंगला नानांग, म्हणजे आई, म्हणे, तिच्याशी अरे-तुरे करी, तिच्या ताटातला मासा उचलून खाई. आणि जन्म दिलेल्या आईला मम्मी आणि तुम्ही. बँकेच्या साहेबाशी बोलतात तसं.

पुरिंगने खोली पुन्हा मागितली नाही. वॉर्डात तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे, आणि स्वतःच्याच घरात स्वतःची खोली भीक म्हणून मागायची तिची तयारी नव्हती. पिंजरे उचलून अंगणात फेकायला तिला दोन माणसं मिळाली असती. पण मग पिंजऱ्यांमागून विल्मरही गेला असता, तोंड फुगवून, सोलिंगला घेऊन, आणि एवढ्या मोठ्या घरात ती आणि प्लॅस्टिकचा सोफा उरले असते. ती खोली तिला त्याच्या हातून हवी होती. हे ती कोणाला सांगणार नव्हती. ती बघत राहिली.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. सकाळी विल्मर एकेका कोंबड्याला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसायचा. त्यांच्या मक्यात उकडलेलं अंडं कुस्करायचा, व्हिटॅमिनची गोळी चिरून घालायचा. ती गोळी पुरिंगने सोलिंगच्या सांध्यांसाठी पाठवलेली. "काय गं, तू नाही घेत?" विचारलं तर सोलिंग म्हणाली, "माझं काय, मी कुठे झुंजते?" शेजारीपाजारी यायचे, पुरिंगला विचारायचे, तिकडे बर्फ किती पडतो, गाड्या किती मोठ्या असतात, खोक्यांत काय आहे. ती तिथे काय करत होती, हे एकानेही विचारलं नाही. नर्स म्हणजे डॉलर, एवढंच त्यांना कळत होतं.

खरी चीड तिला वेगळ्याच गोष्टीची होती. कोंबड्यांचा तो वास, पिसांचा, रक्ताचा, ओल्या मक्याचा, तिला परका नव्हता. तिचे वडील, तातांग आम्बो, झुंजीच्या आखाड्यावर टाके घालायचे. पायाला बांधलेल्या वाकड्या पात्याने जिंकणारा कोंबडाही फाटूनच बाहेर यायचा, आणि मग मालक त्याला पोटाशी धरून तातांगकडे धावायचे. तातांगची बसायची जागा चिंचेखाली होती. एक बुटकं स्टूल, चहाच्या डब्यात सुया, मेण लावलेला दोरा, बाटलीत कडक दारू. दारू जखमेवर ओतायची, तोंडात नाही, असं ते म्हणायचे, आणि तसेच वागायचे. कोंबडा धरायचं काम पुरिंगचं. शाळेतून आली की दप्तर ठेवून ती तिथे जाऊन बसायची. पंख कोपराखाली दाबायचे, डोक्यावर फडकं टाकायचं, अंगठ्याने रक्त अडवायचं आणि तोंडाने हळू हळू काहीतरी गुणगुणत राहायचं. तेव्हाचं घर ताडाच्या झावळ्यांचं, पाऊस आला की ताट सरकवत जेवायचं, पण तातांगच्या हाताला मान होता. टोपी काढल्याशिवाय कोणी त्यांच्याशी बोलत नसे.

त्या चिंचेखालीच तिने ठरवलं होतं, की पुढच्या जन्मी काय व्हायचं ते होवो, या जन्मात पुन्हा कोंबडा हातात धरणार नाही. म्हणून ती नर्स झाली, म्हणून समुद्र ओलांडला. आणि परत आली तर कोंबडे तिच्याच खोलीत, तिच्याच एसीत.

जत्रेच्या रविवारी घर रिकामं झालं. दुपारभर आखाड्याकडून आरोळ्या येत होत्या. पुरिंग ओसरीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होती. हरलेला कोंबडा संध्याकाळी कच्च्या पपईबरोबर शिजतो हे तिला ठाऊक होतं, आणि आज सिनेटर शिजावा अशी तिची मनापासून इच्छा होती. आलंसुद्धा ठेचून ठेवलं होतं तिने.

आरोळ्या एकदम जवळ आल्या. फाटकातून विल्मर आत धावला, शर्ट काढून त्यात काहीतरी गुंडाळलेलं, शर्ट लाल. मागे सोलिंग, चप्पल हातात, आणि तिच्यामागे निम्मा आखाडा.

"जिंकला!" सोलिंग धापा टाकत ओरडली. "जिंकला गं मानांग, पण फाटला! मांडी उघडीच पडलीय!"

"मग कार्दोकडे न्या ना. टाके तोच घालतो ना आता?"

"कार्दो सकाळपासून ढोसून पडलाय," गर्दीतला एक जण म्हणाला. "दोन कोंबडे त्याच्या हातून गेले. तिसऱ्याला त्याने पंखच शिवला छातीला."

विल्मर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "मम्मी," तो म्हणाला, "तुम्हाला येतं ना? टाके घालता येतात ना तुम्हाला?"

पुरिंगने शेवग्याची काडी खाली ठेवली. इतक्या वर्षांत तिला काय येतं, हे या पोराने पहिल्यांदा विचारलं होतं. आणि कोणासाठी, तर या पिसांच्या गाठोड्यासाठी.

"अगं तू नर्स ना!" सोलिंग कळवळली.

"आठवलं का?" पुरिंग म्हणाली. "बरं झालं. मला वाटलं, मी तिकडे डॉलरची झाडं हलवत होते."

"मम्मी, रक्त चाललंय..."

"दिसतंय मला. बोट दाबून धर तिथे. आणि बाकीचे काय तमाशा बघताय? वर जा. माझ्या खोलीतले पिंजरे खाली आणा. सगळे. शेवटचा पिंजरा अंगणात आला की मी सुई हातात घेईन."

"त्यांना ताण..." सोलिंगच्या तोंडून निघून गेलं.

"येऊ दे," पुरिंग म्हणाली. "ताणाचं औषध आहे माझ्याकडे."

सगळे विल्मरकडे बघायला लागले. त्याने आईकडे पाहिलं, शर्टातल्या कोंबड्याकडे पाहिलं. मग तो घसा फाडून ओरडला, "अरे आणा ना! उभे काय राहिलात!"

जत्रा होईपर्यंत जे पिंजरे जागचे हलू शकत नव्हते, ते लग्नाच्या पंगतीत पत्रावळी फिराव्यात तसे हातोहात खाली आले. माणसं जिन्यात एकमेकांच्या अंगावर आदळत होती, कोंबडे बोंबलत होते, पिसं उडत होती. एकाही कोंबड्याला झीट आली नाही. उन्हात येताच ते माती उकरायला लागले, गावच्या कोंबड्यांसारखे.

पुरिंगने कोपरापर्यंत हात धुतले. एका खोक्याची चिकटपट्टी फाडून आपली सुया-दोऱ्याची पेटी काढली. ओसरीवर बुटकं स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "धर नीट."

ती आता शिव्या घालायला तयारच होती. पंख असे धरतात का, डोकं झाक, गाढवा, सगळं जिभेवर होतं. पण विल्मरने पंख कोपराखाली घेतलेच होते. डोक्यावर फडकं होतं. अंगठा नेमका शिरेवर होता, आणि तो गुणगुणत होता, तातांगने तिला शिकवलेला तोच सूर, तसाच अर्धवट तोडलेला. सुई आत गेली तेव्हा कोंबडा शहारला, विल्मर नाही.

"कोणी शिकवलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"लोलोंनी. तुमच्या तातांगनी. चिंचेखाली." मग फडकं सारखं करत, "ते म्हणायचे, तुझी आई माझ्यापेक्षा छान धरायची. धरायला ती असती तर मी झोपेतही टाके घातले असते, म्हणायचे."

पुरिंगने दोरा ओढला, गाठ मारली. कुठल्याही वॉर्डाने डोक्यावर घेतला असता असा हा हात. आणि तो त्याने आयुष्यभर अंडी कुस्करण्यात घालवला. तिला त्याच्या एक मुस्कटात द्यावीशी वाटली. पण दोन्ही हात गुंतलेले होते.

"कात्री," ती म्हणाली. त्याने कात्री तिच्या तळव्यावर ठेवली, मुठीकडून, न सांगता.

टाके झाले तसा गर्दीत कल्ला झाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी "डॉक्टरीणबाई!" म्हणून हाक दिली. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली. पुरिंगने त्या टोपीकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. माणसं वाचवली तेव्हा हे सगळे कुठे होते? कोंबड्याची मांडी शिवली आणि गावाला तिची विद्या कळली!

"जिंकलात ना, मग घरी जा," ती म्हणाली. "आणि विल्मर, तू वर चल. फडकं घे, साबण घे."

ती खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. विल्मर गुडघ्यांवर बसून फरशी घासत होता, पोट जमिनीला लागत होतं. वॉर्डात नवीन आलेल्या पोरींना ती जशी दाखवायची तशी ती बोटाने दाखवत राहिली. खिडकीखाली. कोपरा. कोपरा म्हटलं ना, तो तिथे नाही, इथे. सोलिंग जिन्यात उभी राहून "दमलं गं लेकरू" म्हणाली, तेव्हा पुरिंगने तिच्याही हातात फडकं दिलं. एसीची जाळी पिसांनी गच्च भरली होती. ती धुवून बसवली. खालून खाट आली, खोकी आली. वास काही गेला नाही. तो इतक्यात जाणारही नव्हता. तातांगचं घर, ती चिंच, सगळं त्यात होतं, म्हणून पुरिंगने खिडकी सताड उघडी टाकली.

सकाळी ती केस विंचरत असताना खाली फाटकाशी गलका ऐकू आला. वाकून पाहिलं, तर माणसांची रांग, आणि एकेकाच्या काखेत लंगडा, फाटका, पट्टी बांधलेला कोंबडा. कोणी केळी आणली होती, कोणी सुकी मासळी. खुद्द कार्दोसुद्धा, तारवटलेल्या डोळ्यांनी, काखेत कोंबडी. कोंबडी! झुंजीचीही नाही.

"मूर्खांचा बाजार," ती पुटपुटली.

दारावर टकटक झाली. या घरात या दारावर आजवर कोणी टकटक केली नव्हती. कोंबड्यांच्या खोलीत जायला परवानगी कोण मागतो?

"मम्मी," बाहेरून विल्मर म्हणाला. "आत येऊ?"

तिने फणीत अडकलेले केस काढले, त्यांची गुंडाळी केली, खिडकीतून टाकली.

"पाय पूस," ती म्हणाली. "आणि हातात जे काय असेल ते बाहेर ठेव."

बाहेर पिसांची फडफड झाली, कोणीतरी कॉक् केलं. मग पायपुसण्यावर पाय घासल्याचा आवाज आला, बराच वेळ.