लाल कापडातलं हसू

मी पुस्तक बोलतोय. पोथी नाही, पुस्तक. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच चुकीपायी माझी कित्येक वर्षं लाल कापडात गेली.

माझे लेखक म्हातारपणी फार मोठे झाले. त्यांचे वैराग्याचे ग्रंथ घरोघरी गेले, दाढीवाला फोटो शाळेत लागला. मी मात्र त्यांच्या पंचविशीतला. तेव्हा त्यांना दाढी नव्हती आणि वैराग्यही नव्हतं. आजूबाजूच्या माणसांच्या गमती त्यांनी माझ्यात लिहिल्या.

बाहत्तर सालच्या सुमारास लाखनीच्या बाजारात आनंदाबाईंनी मला घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. दुकानदारानं लेखकाचं नाव सांगताच त्यांनी मला कपाळाला लावलं. घरी आल्यावर लाल कापडात बांधून थेट देवघरात. रोज हळदकुंकू, फूल, उदबत्तीचा धूर. उघडून मात्र कोणी बघेल तर शपथ. अंगावर अक्षता पडत आणि मी आतल्या आत जळत असे. हसवायला जन्मलेल्याला हात जोडून गप्प बसवायचं, ही कुठली भक्ती?

पुढे सून आली, शकुनबाई. सातवी शिकलेली. आषाढी एकादशीला सासूबाईंनी तिला नेम दिला. कार्तिकीपर्यंत रोज संध्याकाळी या पोथीचा एक पाठ वाचायचा, मगच जेवायचं. शेजारच्या बाया हातपाय धुऊन ऐकायला बसल्या.

पहिलाच पाठ एका उपासकऱ्याचा. हा गृहस्थ एकादशीला साबुदाणा, रताळी, केळी, शेंगदाण्याचे लाडू असं सगळं चापतो आणि संध्याकाळी बायकोला म्हणतो, फार अशक्तपणा आला, जरा दूध आटव. शकुनबाईचा आवाज थरथरला, मग ती हसलीच. तिच्यामागून साऱ्या बाया.

"पोथी वाचताना हासतेस काहून व?" आनंदाबाई कडाडल्या.

"मी कुठं, आत्याबाई. पोथीच हासवून राहिली."

आनंदाबाईंचा मुलगा भोजराज धावत आला. "एवढा मोठा माणूस असं लिहीन? फोटो तं पाहा त्याचा. खोटी पोथी आहे हे. तलावात शिरवून टाका."

कुंकू लावलं तेव्हा मी खरा, हसवलं तेव्हा खोटा. मोठ्या माणसानं तरुणपणी हसूसुद्धा नये की काय?

शकुनबाई हळूच म्हणाली, "शिरवा. पण नेम तुमीच देला, आत्याबाई. अर्धा सोडला तं दोष कोणाले लागन?"

नेम मोडणं आनंदाबाईंना जमणारं नव्हतं. "मंग वाच. कार्तिकी झाली का शिरवू."

रोज वाचन चाले आणि त्या पाठ फिरवून वाती वळत बसत. कधी कधी ती पाठ हलताना मी पाहिली आहे.

कार्तिकी आली. पाठ झाला. परडीत निर्माल्य, त्यावर मी. भोजराजनं परडी उचलली. आनंदाबाईंनी हात आडवा केला.

"थांब. आज तुलाराम येते फराळाले." तुलाराम म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. "त्याले तो उपासवाला पाठ ऐकव, शकुन. त्याच्यावरच लिवला आहे." आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला.

तेव्हापासून कापडाची गाठ सुटली ती सुटलीच. भोजराज मात्र अजून पाहुण्यांना सांगतो की या लेखकांनी जन्मात विनोद केला नाही. माझ्यासमोर सांगतो. माझा राग जावा तरी कसा?

ज्यांच्या देवघरात माझी भावंडं बांधलेली असतील, त्यांनी आज गाठ सोडावी. देव रागावणार नाही. इतक्या वर्षांचे आपले उपास पाहून तोही कधीतरी हसला असेलच.