आमच्या घरचा लोखंडी रेडा

लग्नाला पाच वर्षं झाली तरी आमच्या ह्यांचा चेहरा नजरेआड झाला की मला नीट आठवत नसे. शिमग्याला आठ दिवस, गणपतीला दहा, एवढाच आमचा संसार. बाकी वर्षभर ते मुंबईला एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात, आणि मी लांज्याजवळच्या आमच्या वाडीत, सासूबाई, बैलजोडी आणि सात कुणगे सांभाळत. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे उतरत गेलेले भाताचे तुकडे, त्यांना आमच्याकडे कुणगे म्हणतात. वाडीतल्या सगळ्याच बायकांचं असं होतं, त्यामुळे त्याला कुणी दुःख म्हणत नसे.

चौतीस सालच्या शिमग्याला हे आले ते बगलेत यंत्रांच्या चित्रांचं एक जाड पुस्तक घेऊन. ओटीवर ते उघडून मला म्हणाले, "तू चार इयत्ता शिकलीस ना? मग बस इथं. आपल्याला ट्रॅक्टर निवडायचाय."

"कशाला?"

"मला इथं राहायला."

इतकं सरळ उत्तर त्यांनी मला आधी कधी दिलं नव्हतं. आठ वर्षांची सगळी शिल्लक त्यांनी त्यासाठी ठेवली होती. स्वतःची शेती लवकर उरकायची, मग तेच इंजिन पट्टा लावून भात कांडायला वापरायचं. एका माणसाला घरी राहून पोटापुरतं मिळेल, असा त्यांचा हिशेब.

पुस्तकात दोन यंत्रं त्यांनी खुणा करून ठेवली होती. एक चार चाकांचं, वर बसून चालवायचं. दुसरं लहान, दोन चाकांचं, मुठी धरून मागून चालायचं. आम्ही सुंभाची दोरी घेऊन कुणगे मोजायला गेलो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दगडी गडग्यातून बैल आत घ्यायची वाट मोजली, बांध मोजले, सगळ्यात अरुंद कुणग्यात यंत्र वळेल का ते त्यांनी काठीनं जमिनीवर आखून पाहिलं. मोठं कुठंच मावत नव्हतं. घरी येऊन मी लहान यंत्राच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हाच." ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेवढी सुखाची दुसरी मला सांगता येणार नाही.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. "ह्याला गवत नको, कबूल," त्या म्हणाल्या. "पण शेण कुठनं देणार हा? पुढल्या भाजावळीला, रोपांची जमीन भाजायला, काय तुझा पुस्तक जाळू?"

हे नुसते हसले.

वैशाखात ते कारखाना सोडूनच आले. यंत्र आगबोटीनं रत्नागिरीला उतरलं, तिथून गाडीनं आलं, आणि सडकेवरून खाली घाटी उतरताना सहा जणांनी बांबूला बांधून खांद्यावर आणलं. शेजारचा रघू पुढं होता. तो वाटेतल्या प्रत्येकाला सांगत होता, "श्रीपतीनं रेडा आणलान. मुंबईचा हाय, पायानं चालत नाय. पालखी लागते."

दुसऱ्या दिवशी घरामागच्या कोरड्या वरकस जमिनीवर त्यांनी ते चालवून दाखवलं. लाल धूळ उडाली, फाळ सरळ रेघ ओढत गेला. लोक तोंडाला हात लावून बघत राहिले. सासूबाईंनीही मीठमोहऱ्या ओवाळल्या. एखादा कुणगा भिजवून बघावं हे कुणाच्याच मनात आलं नाही. वैशाखात आम्ही प्यायचं पाणी अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणत होतो. शेतात पाणी ओतणाऱ्याला लोकांनी वेडा म्हटलं असतं.

त्याच आठवड्यात त्यांनी बैल विकले. आणि मग विठूतात्यांच्या अंगणात वारंगुळ्याची बैठक बसली. आमच्याकडे नांगराचं जोत भाड्यानं मिळत नसे. मी माझे बैल घेऊन तुझ्या शेतात एक दिवस यायचं, तू तुझे घेऊन माझ्याकडे. पाऊस लागण्याआधी सगळे बसून पाळ्या लावत, आणि लावणी संपेपर्यंत त्यात बदल होत नसे. विठूतात्या वाडीतले वडीलधारे. पाळ्या त्यांच्या तोंडपाठ असत.

हे उठून म्हणाले, "तात्या, माझं नाव काढा."

"ऱ्हाऊ दे की. बैल नाय तर माणूस दे. समजून घेऊ."

"नको. मला लागणार नाही तर कुणाचा दिवस कशाला अडकवू?"

लोक पुढं म्हणाले की श्रीपतीला गर्व झाला होता. गर्व नव्हता तो. दुसऱ्याचा दिवस फुकट जाऊ नये एवढंच त्यांना वाटलं होतं.

आषाढात कुणग्यांत पाणी साठल्यावर चिखलणीला त्यांनी यंत्र पहिल्या कुणग्यात उतरवलं. दहा पावलं गेलं असेल. मग चाकांच्या दात्यांत चिखल भरत गेला, चाकं गुळगुळीत झाली आणि जात्यासारखी जागच्या जागी फिरू लागली. बघता बघता यंत्र पोटापर्यंत बुडालं. आपापली कामं टाकून नऊ जणांनी ते ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी खाली फळ्या घातल्या. चौथ्या दिवशी सुताराकडून चाकांना लाकडी पाटे बसवून आणले. प्रत्येक वेळी तेच. हे चिखलात गुडघे टेकून हातांनी दाते साफ करत, पुन्हा इंजिन लावत. मी बांधावर उभी राहून तरव्याकडे, आमच्या रोपांच्या वाफ्याकडे, बघत होते. रोपं एकवीस दिवसांची झाली, मग महिन्याची. शेंडे पिवळे पडू लागले. ती लावली नाहीत तर वर्षाचं भात गेलं, आणि भात गेलं की माणूस मुंबईला गेला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटी मी विठूतात्यांकडे गेले. ते रघूच्या कुणग्यात जोत धरून होते.

"तात्या, एक दिवस द्या."

"पोरी, दिवस माझ्याकडं कुठं हायत? आज रघूचा, उद्या वरल्या घरचा, मग खालल्या वाडीचा. ह्यांच्या खांद्याकडं बघ." बैलांच्या मानेवर जू लागून कातडं सोललं होतं.

रघू बांधावरून म्हणाला, "वयनी, तुमचा रेडा कुठं हाय? निजलाय काय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तोच खाली बघू लागला. त्या दिवशी सांजेला स्वतःचं काम आटोपून तो न सांगता बैल घेऊन आला आणि आमचा एक कुणगा चिखलून दिला. शेवटच्या तासाला त्याचा डावा बैल चिखलात बसला, तो उठेना. त्यानंतर त्याला आम्हीच येऊ दिलं नाही.

दोन कुणगे आम्ही तिघांनी कुदळीनं खणले. सासूबाईंना तीन दिवस कंबर सरळ करता आली नाही. उरलेल्या चार कुणग्यांत त्या साली गवत उगवलं. गणपतीत सगळीकडे भात पोटरीला आलं होतं. आमचं गवतही तितकंच हिरवं दिसत होतं.

गणपती गेल्यावर ह्यांनी यंत्र पुसलं, तेल दिलं, गोणपाटात गुंडाळून गोठ्यात बैलांच्या जागी ठेवलं.

"कारखान्यात रुंद चाकं करता येतील," ते म्हणाले. "शिमग्याला घेऊन येतो."

"या."

"वारंगुळ्यात नाव घालून ठेव."

"बैल नाहीत."

ते ट्रंक भरायला लागले. सकाळी ट्रंक डोक्यावर घेऊन घाटी चढून गेले.

चाकं काही आली नाहीत. पुढल्या वर्षी विठूतात्यांनी तोड काढली. आम्ही दोघींनी दोन दिवस दुसऱ्याची लावणी करायची, त्याबदली एक दिवसाचं जोत. मुलं झाली, सासूबाई गेल्या, मग मी एकटीच जाऊ लागले, चार दिवसांना एक. वाडीतला असा एक कुणगा नाही ज्यात मी लावणी केली नाही.

हे दर गणपतीला येत. पहिली काही वर्षं एक दिवस यंत्रासाठी ठेवत. ते अंगणात काढून, साफ करून सुरू करत आणि चाकांकडे बघत उभे राहत. दहा दिवसांतला एक दिवस त्यात जाई, तो मला फार वाटे. मग एका वर्षी ते आले, न्हाले, ओटीवर बसले, आणि दहाही दिवस गोठ्याकडे फिरकले नाहीत. दहाही दिवस मला मिळाले. जाताना त्यांनी चाकांचं, घरी राहायचं नाव काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.